शिकारी पक्ष्याच्या पाठीवर ट्रान्समीटर: हार्नेस मापाने कसा शिवायचा

काशी पहिल्यांदा हरवली तेव्हा तिचा ट्रान्समीटर अगदी व्यवस्थित चालू होता. डिसेंबरातली दुपार होती. इकडे लिंकनशायरमध्ये त्या दिवसांत पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. रिसीव्हरवर टिक-टिक स्वच्छ ऐकू येत होती. मी आणि नवरा बॅटरी घेऊन, चिखल तुडवत एका काटेरी कुंपणापाशी पोचलो. कुंपणाच्या बुडाशी शेपटीचं एक पीस पडलेलं होतं आणि त्या पिसाला ट्रान्समीटर तसाच अडकलेला. पक्षी कुठेच नाही. सबंध रात्र आम्ही गाडीत काढली. सकाळी उजाडताना मैलभर पलीकडच्या ओकच्या झाडावरून तिच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ही घुंगरं लाहोरी धाटणीची आहेत. इंग्लंडमधले जुने बाजदारसुद्धा त्यांना लाहोर बेल असंच म्हणतात.

काशी म्हणजे माझी हॅरिस हॉक मादी. हा पक्षी मूळचा अमेरिकेतल्या कोरड्या, काटेरी प्रदेशातला. इंग्लंडमध्ये शिकारीसाठी जे पक्षी पाळतात त्यात हॅरिस फार, आणि ते इथेच पैदास केलेले असतात. काशीचं उडवायचं वजन, म्हणजे ज्या वजनाला ती भूक राखून शिकारीला तयार असते ते, २ पौंड १ औंस, म्हणजे ९३५ ग्रॅमच्या आसपास. त्या रात्रीनंतर मी शेपटीला ट्रान्समीटर लावणं बंद केलं आणि पाठीवरचा हार्नेस, म्हणजे ट्रान्समीटर पाठीवर धरून ठेवणारे पट्टे, शिवायला शिकले. शिवणकाम माझ्या हातात होतंच. आई मिरजेत ब्लाउज शिवायची, मी इथे कपडे अल्टर करून देते. तरीही पहिला हार्नेस चुकला. तो का चुकला हे पुढे सांगते, कारण तीच चूक बहुतेकांची होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी पकडायला आणि पाळायला मनाई आहे. शिक्रा, बहिरी ससाणा, लगड, कुठलाही जखमी सापडला तरी तो वनखात्याकडे द्यायचा, घरी ठेवायचा नाही. हे लिखाण परदेशात जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे पक्षी उडवणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. आखातात ससाण्यांच्या फार्मवर काम करणारी आपली मुलं आहेत, अमेरिकेत लायसन्स काढून पक्षी बाळगणारेही आहेत. ज्यांना नुसतं जाणून घ्यायचंय त्यांनीही वाचावं. आपल्याकडे हे तंत्र संशोधनासाठी वापरतातच. २०१३मध्ये नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर प्रत्येकी ५ ग्रॅमचे सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले होते, नावं ठेवली होती नागा, पांगती आणि वोखा. जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅमचे हे पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत जातात. वाटेत लोणावळ्याच्या आसपास दिसतात तेच हे अमूर ससाणे.

पाठच का, हे थोडक्यात. शेपटीला लावायचा तर मधल्या दोन पिसांपैकी एकावर क्लिप बसवावी लागते. पीस गळलं की ट्रान्समीटर गेला, आणि हॅरिस हॉकला स्वतःचं पीस चोचीने उपटायची खोड असते. पायाला लावला तर अँटेना ओल्या गवतात, काट्यांत घासत राहते, पक्षी खाली बसला की सिग्नल दबतो. पाठीवर अँटेना मोकळी राहते आणि पिसांच्या गळतीशी तिचा संबंध नसतो. मात्र पाठीवरची वस्तू चुकीच्या मापाची असेल तर पक्ष्याला तिच्यापासून सुटका नाही. म्हणून या कामात शिवण सोपी आणि माप अवघड आहे.

वजनाचा हिशोब आधी करा. पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त ओझं पाठीवर द्यायचं नाही, असा सर्वसाधारण नियम आहे आणि मी तो काटेकोर पाळते. माझा ट्रान्समीटर बॅटरीसकट १४ ग्रॅम, तो जिच्यावर बसतो ती पाठीवरची प्लेट आणि पट्टे ५ ग्रॅम. एकूण १९ ग्रॅम म्हणजे काशीच्या वजनाच्या २ टक्के. हॅरिसचा नर सहाशे ग्रॅमचा असेल तर त्याची मर्यादा १८ ग्रॅम, म्हणजे हेच सामान त्याला चालणार नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं एकत्र ठेवून मोजा, पाकिटावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. कारण त्यात बहुधा बॅटरी धरलेली नसते, पट्टे तर नसतातच.

सामान

प्लेट विकत घ्या. ट्रान्समीटर जिच्यात खटकन बसतो ती क्लिप ट्रान्समीटरच्या कंपनीप्रमाणे वेगळी असते आणि घरी केलेली क्लिप ऐन उड्डाणात सुटली तर सगळंच मुसळ केरात. प्लेटला पुढे दोन आणि मागे दोन फटी हव्यात, कडा गुळगुळीत हव्यात. माझ्या प्लेटच्या एका फटीची कड करवतीसारखी होती, ती मी नखाच्या कानशीने घासून घेतली. प्लेटच्या खालच्या बाजूला दोन मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनचा तुकडा चिकटवा, प्लेटपेक्षा केसभर मोठा.

पट्ट्यांसाठी टेफ्लॉनची रिबन, पोकळ विणीची, पाव इंच रुंद. दीड मीटर घेतली की चुकायला जागा राहते. नायलॉनची नाडी, सॅटिनची फीत, इलॅस्टिक यातलं काहीही वापरू नका. नायलॉन ओलं होऊन वाळलं की कडक होतं आणि काखेत काचतं. इलॅस्टिकचा ताण आज एक, महिन्याने दुसरा. टेफ्लॉन घसरतं, पाणी धरत नाही, आणि पक्ष्याने रोज अंघोळ केली तरी तसंच मऊ राहतं.

याच टेफ्लॉनबद्दल एक धोक्याची गोष्ट. रिबनचं टोक सुटू नये म्हणून आपल्या हाताला सवयीने लायटर आठवतो. नाडीचं टोक आपण जाळूनच बंद करतो ना. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, आणि जास्त तापलं की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना जीवघेणा असतो. नॉन-स्टिक तवा गॅसवर रिकामा राहिला आणि शेजारच्या खोलीतले पोपट मेले, अशा घटना यातूनच होतात. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळं आपल्यापेक्षा फार पटकन शोषतात. तेव्हा ज्या घरात पक्षी आहे तिथे ही रिबन आगीजवळ न्यायचीच नाही. टोकाला सुपरग्लूचा एक थेंब लावा, दोन बोटांत मेणकापड धरून दाबा, वाळलं की तिरकं कापा. झालं. तिरक्या टोकामुळे रिबन फटीतून ओवायलाही सोपी जाते.

बाकी सामान असं: मेण लावलेला पॉलिएस्टरचा पक्का दोरा, साधा सुती दोरा, बारीक सुई, फोर्सेप्स, बोथट टोकाची कात्री, आणि कांगारूच्या कातड्याचा पाच रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा, छातीवरच्या टिकलीसाठी. कांगारूचं कातडं पातळ असून फाटत नाही. बाजदार लोक जेसेस, म्हणजे पक्ष्याच्या पायातल्या कातडी वाद्या, त्याच्याच करतात, त्यामुळे घरात तुकडे असतातच.

दोन दोरे का

हा हार्नेसचा जीव आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

पक्षी हरवू शकतो. सिग्नल असूनही हरवू शकतो, बॅटरी संपते, वारा जोराचा असतो, माणूस आजारी पडतो. हॅरिस हॉक इंग्लंडच्या रानात ससे मारून जगू शकतो. मग तो पक्षी आपण बांधलेलं ओझं आयुष्यभर पाठीवर घेऊन हिंडणार का? वजन वाढलं, पिसं गळली, पट्टा कशात अडकला तर सोडवायला कोण आहे? माझ्या मते जो हार्नेस आपोआप सुटण्याची सोय ठेवत नाही तो बांधूच नये. आमच्या भागातले काही अनुभवी लोक हे मानत नाहीत. ते म्हणतात, धागा ऐनवेळी तुटला तर महागाचा ट्रान्समीटर जाईल. गेला तर गेला, मी परत घेईन.

पण सुटायचा तर चारही पट्टे एकदम सुटले पाहिजेत. एकच पट्टा तुटला तर प्लेट एका बाजूला लोंबते आणि पक्षी तिच्यात पंख अडकवून घेतो, ते न सुटण्याहून वाईट. म्हणून चारही पट्ट्यांची टोकं छातीवर एका जागी आणायची आणि तिथे एकाच सुती दोऱ्याने जोडायची. प्लेटपाशी पक्का दोरा, छातीवर कच्चा. सुती दोरा ऊन, पाऊस, अंघोळ खाऊन कुजतो आणि एक दिवस तुटतो. तुटला की चारही पट्टे मोकळे होतात आणि सगळं ओझं जमिनीवर पडतं.

पक्ष्याला हात लावण्याआधीचं काम

आई म्हणायची, माप अंगावरच घ्यावं, जुन्या ब्लाउजवर घेऊ नये. इथेही तेच. काशीच्या पट्ट्यांचे सेंटिमीटर मी मुद्दाम देत नाही, कारण लोक तेच आकडे घेऊन रिबन कापतात. दोन मादी हॅरिसमध्येसुद्धा छातीचा फरक बोटभर असतो.

माप घ्यायला पातळ सुती नाडी वापरा. पक्षी डोळे झाकणारी टोपी घालून हातावर शांत बसलेला असताना, दोन्ही खांद्यांच्या मधल्या सपाट जागेपासून नाडी मानेच्या एका बाजूने पुढे आणा आणि छातीपर्यंत न्या. छातीच्या मधोमध नांगराच्या फाळासारखं उभं हाड लागतं. ते हाड वरून जिथे सुरू होतं त्याच्या थोडं खाली कातड्याची टिकली बसायला हवी. त्याच्या वर गळ्याखालची अन्नाची पिशवी असते. पोटभर जेवल्यावर ती लिंबाएवढी फुगते. पट्टे तिच्यावरून गेले तर प्रत्येक घासाला पक्ष्याचा गळा आवळला जाईल. माप घेताना पिसं फुंकर मारून बाजूला करा आणि नाडी कातडीला टेकवा. पिसांवरून घेतलेलं माप हमखास मोठं येतं.

आता शिवण. पुढचे दोन्ही पट्टे एकाच रिबनचे करायचे. रिबन प्लेटच्या पुढच्या दोन फटींतून खालून ओवा, मध्य बरोबर प्लेटच्या मध्यावर आणा आणि प्रत्येक फटीपाशी पक्क्या दोऱ्याने टीप घाला, पाच-सहा टाके, उलट येऊन पुन्हा पाच-सहा. टाके रिबनच्या काठाबाहेर जाऊ देऊ नका, काठ गोळा झाला की तिथे दोरीसारखी धार येते. गाठीवर सुपरग्लूचा कण. मग दोन्ही बाजू मापाएवढ्या ठेवून टोकं आत दुमडा आणि प्रत्येक टोकाला मण्याएवढं नाकं शिवा, पक्क्या दोऱ्यानेच. मागच्या पट्ट्यांसाठी दोन वेगळे तुकडे घ्या, प्रत्येक एक वीत भरून उरेल इतका लांब, आणि त्यांच्याही एकेका टोकाला तसंच नाकं.

अशी चार नाकी झाली. कातड्याच्या टिकलीला मधोमध दोन बारीक भोकं पाडा. सुती दोरा एका भोकातून वर आणा, चारही नाक्यांतून ओवा, दुसऱ्या भोकातून खाली न्या. असे पाच फेरे, आणि गाठ एकच. प्रत्येक फेऱ्याला गाठ मारायचा मोह होतो, सवयीचा हात तसं करतोच. तसं केलं तर एका ठिकाणी तुटूनही बाकीचे फेरे धरून राहतील. एकच गाठ असली की दोरा कुठेही तुटला तरी फेरे एकेक करून उसवत जातात. गाठीला इथे ग्लू लावायचा नाही. गाठ टिकलीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, हाडाकडे नको.

आता तुमच्या हातात प्लेट आहे, तिला पुढून गळसरीसारखा एक गोल आहे, गोलाच्या खालच्या टोकाला टिकली आणि टिकलीपासून दोन शेपट्या मोकळ्या लोंबताहेत. या दोन शेपट्या पंखांखालून मागे जाऊन प्लेटच्या मागच्या फटींत बसणार. माप जुळवायचं ते तिथे.

अंगावर बसवणं

पहिल्यांदा हे एकट्याने, नुसतं वाचून करू नका. ज्याने आधी बसवलेत असा माणूस किंवा पक्ष्यांचा डॉक्टर शेजारी हवा. मला आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवलं, त्यांच्या चाळीस वर्षांच्या सवयीच्या हाताखाली.

दिवस असा निवडा की आदल्या दिवशीचं खाणं पूर्ण पचलंय आणि सकाळी पक्ष्याने केस-हाडांची गोळी टाकलीय. पोट भरलेलं असताना पकडलं तर अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. खोली थंड ठेवा, हीटर बंद. सगळं सामान ओळीने मांडून ठेवा, सुया ओवून ठेवा. पक्ष्याला धरल्यापासून वीस मिनिटांत काम संपलं पाहिजे. संपलं नाही तर सोडून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी करायचं.

टोपी तुऱ्याशिवायची, साधी घाला, कारण तो गोल डोक्यावरून जायचाय. धरणारा माणूस मागून दोन्ही तळव्यांत पंख मिटवून धरतो, अंगठे पाठीवर, बोटं बाजूंनी. पक्षी मऊ उशीवर टेकवायचा, पण भार धरणाऱ्याच्या हातात. हे मी दहादा सांगते: छाती दाबायची नाही. आपल्याला श्वासपटल असतं, पक्ष्याला नसतं. त्याच्या छातीचं हाडच खालीवर हलून हवा आतबाहेर होते. छाती गच्च धरली की तोंड उघडं असूनही तो गुदमरतो, आणि आवाजही करत नाही. आमच्याकडे धरायचं काम नवऱ्याकडे आणि श्वास बघायचं कामही त्याच्याकडेच. मी शिवताना मान वर करत नाही, तो मध्येच म्हणतो, "थांब, तोंड उघडलंय तिने." मग मी सुई ठेवते आणि तो हात सैल करून खिडकीपाशी नेतो. एक-दोन मिनिटांत तिचा श्वास पूर्ववत होतो.

गोल डोक्यावरून घाला. प्लेट दोन खांद्यांच्या मध्ये, टिकली हाडावर. पट्ट्यांखाली सापडलेलं प्रत्येक पीस सुईच्या मागच्या टोकाने सोडवून पट्ट्याच्या वर काढा. पट्टा कातडीवर सपाट पडला पाहिजे, पीळ नको. मग एक पंख थोडा उचलून, पंखाच्या मागून फोर्सेप्स घाला, मोकळी शेपटी पकडा आणि काखेतून मागे ओढून घ्या. तिचा रस्ता पंखाच्या मुळाच्या मागून आणि मांडीच्या पुढून जातो. दुसरी बाजू तशीच. दोन्ही शेपट्या मागच्या फटींतून ओवा आणि हळूहळू, आलटून पालटून ओढा. एकच बाजू पूर्ण ओढून मग दुसरी ओढली तर टिकली हाडावरून सरकते.

किती ओढायचं? माझी करंगळी प्लेटखाली आडवी सरकली पाहिजे, घासून पण न अडखळता. दोन करंगळ्या जात असतील तर सैल. करंगळी आत जाताना प्लेट पक्ष्याला वर खेचतेय असं वाटलं तर घट्ट. दोन्ही पंख एकेक करून पूर्ण उघडून बघा, पट्टा पंखाच्या मुळाला ओढत नाही ना. प्लेट मागे सरकून कमरेवर येत असेल तर पुढचा गोल मोठा झालाय. तो उसवून छोटा करा, मागचे पट्टे ओढून दुरुस्त करायला जाऊ नका. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, पक्षी चोचीने तिथलं तेल घेऊन पिसांना लावतो, तिथवर चोच मोकळी पोचली पाहिजे.

समाधान झालं की फटीपाशी पेनाने खूण करा, दोन-दोन कच्चे टाके घाला आणि पक्ष्याला टोपीसकट हातमोज्यावर बसवा. घाई करू नका. थोड्या वेळाने तो सगळी पिसं फुलवून अंग झाडतो. धरलेला पक्षी आखडलेला असतो, त्याचं खरं अंग हे झाडल्यानंतर कळतं. काशीच्या बाबतीत दर वेळी इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. पुन्हा करंगळी घालून बघा, पुन्हा धरा, खुणेप्रमाणे जुळवा आणि आता पक्क्या दोऱ्याने शिवा. पट्टा फटीतून मागे दुमडून स्वतःवरच शिवायचा, दहा-बारा टाके, गाठीवर ग्लू. ग्लू पिसांवर सांडू नये म्हणून खाली कागद धरा. उरलेली रिबन बोटाच्या पेराएवढी ठेवून कापा.

सैल हार्नेस

माझा पहिला हार्नेस सैल होता. तिला काचेल या मायेपोटी मी तो सैल ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर काशी अड्ड्यावर एका पायावर उभी, दुसरा पाय छातीशी. मला वाटलं विसावलीय, शिकारी पक्षी असा पाय वर घेऊन बसतातच. जवळ गेले तेव्हा दिसलं की मागचं नख छातीवरच्या पट्ट्यात अडकलंय आणि सोडवण्याच्या धडपडीत तिचा एक पंख खाली लोंबलाय. खाजवायला पाय वर नेला असणार आणि ढिल्या पट्ट्यात नख गेलं. किती वेळ ती तशी होती, देव जाणे. मी तिथेच टिकलीवरचा दोरा कापला, चारही पट्टे सुटले, तिने पाय खाली टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला रडू आवरेना.

ब्लाउज सैल झाला तर बाई सांगते, काचला तरी सांगते. पक्षी दोन्ही सांगत नाही. सैल पट्ट्यात नख जातं, खालची चोच जाते, काटेरी फांदी जाते. घट्ट पट्टा काखेत कातडी सोलतो, पण ते दिसायला आठवडे लागतात. दोन्हीला करंगळीचं माप हाच उपाय, मायेने वाढवायचं नाही आणि भीतीने आवळायचं नाही.

नंतरचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस पक्षी पट्टे चोचीने ओढतो. चार दिवस उडवू नका, नजरेसमोर बागेत अड्ड्यावर ठेवा, अंघोळीचं पाणी समोर द्या. पिसं सारवता सारवता तोच पट्टे आत घेतो, आणि वरून फक्त प्लेट दिसते. आठवड्यानंतरही सतत एकाच जागी चोच मारत असेल तर तिथे काहीतरी टोचतंय, उघडून बघा. पहिलं उड्डाण लांब दोरी बांधून, ट्रान्समीटरशिवाय नुसत्या प्लेटवर. दुसरं ट्रान्समीटर लावून. अँटेनाचं टोक शेपटीकडे, पाठीपासून किंचित उचललेलं. रोज वजन करताना काट्यावरच्या आकड्यातून प्लेट आणि पट्टे वजा करायला विसरू नका. पाच ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण सहाशे ग्रॅमच्या नराची भूक एवढ्यानेही बदलते.

वजन झालं की रोज छातीवरच्या टिकलीवरून बोट फिरवा. दर आठवड्याला दोन्ही काखा फुंकर मारून बघा: कातडी गुलाबट-पांढरी आणि कोरडी हवी. लाल, ओलसर, खपली धरलेली दिसली तर त्याच दिवशी काढा. पिसांचे बुंधे तुटलेले दिसले तर पट्ट्याला पीळ पडलाय.

मोसम संपला की पक्ष्याला भरपूर खायला घालून पिसं गाळायला सोडतात. काशी त्या काळात सव्वादोन पौंडांच्या पुढे जाते. उडवायच्या वजनावर बेतलेला हार्नेस तेव्हा आवळतो. काही जण तो वर्षभर ठेवतात, मी ठेवत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवरा तिला धरतो, मी बोथट कात्रीचं टोक टिकलीखाली सरकवते आणि दोरा कापते. एका कापात सगळं हातात येतं. पट्टे आणि टिकली टाकून द्यायची, पुढच्या वर्षी रिबन नवी, दोरा नवा. कोमट पाण्यात प्लेट ब्रशने घासून, सावलीत वाळवून मी आईने दिलेल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवते. सप्टेंबरात डबा उघडायचा आणि पुन्हा नाडी घेऊन अंगावरचं माप घ्यायचं.